परत फिरण्याचा पगार

जून लागला की फोनवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. अंधारबन, देवकुंड, हरिहर, कळसूबाई, काजवे. वर धबधब्याचा फोटो, खाली किंमत आणि त्याखाली यादी: प्रवास, नाश्ता, जेवण, अनुभवी ट्रेक लीडर. लीडर जेवणानंतर येतो. त्याला नाव नसतं. तो कुठं शिकला, किती पावसाळे डोंगरात काढलेत, वाहत्या ओढ्याचा त्याला अंदाज येतो का, यातलं काही लिहिलेलं नसतं. नाश्त्याला पोहे की मिसळ, हे मात्र लिहिलेलं असतं.

आजचं सदर या बिननावाच्या माणसासाठी आहे. आपल्या मुलाबाळांचा जीव आपण एका रविवारपुरता त्याच्या हवाली करतो आणि त्याला काय पगार मिळतो, हे कधी विचारत नाही.

कित्येक ठिकाणी उत्तर एकच आहे: पगार नाही. कॉलेजातला एक हौशी मुलगा किंवा मुलगी, दोन-चारदा तोच ट्रेक केलेला, ‘तुझे पैसे नको, तू लीडर म्हणून ये’ एवढ्यावर बसमध्ये चढतो. काही जण थोडं मानधन देतात. समजा, बसमध्ये पंचेचाळीस जण आहेत आणि प्रत्येकी हजार रुपये घेतलेत. पंचेचाळीस हजारांतून गाडी जाते, जेवण जातं, जाहिरातीचा खर्च जातो, आयोजकाचा वाटा जातो. उरेल ते लीडरचं. ज्या माणसाच्या एका शब्दावर पंचेचाळीस जण सुखरूप घरी येणार आहेत, त्याचा नंबर हिशेबात शेवटचा लागतो. मला याची चीड येते. एसटी चालवायला परवाना आणि बिल्ला लागतो, तेव्हा कुठं तीस-चाळीस जण मागे बसवता येतात. त्याच तीस-चाळीस जणांना निसरड्या कड्यावरून न्यायला मात्र एक शिट्टी आणि छापील टी-शर्ट पुरतो.

हे काम हलकं आहे असा समज पसरलाय, म्हणून ते काय असतं ते सांगतो. पुढे एक जण वाट धरतो, शेवटी एक जण सगळ्यात मागच्या माणसाच्याही मागे राहतो. दर टप्प्यावर डोकी मोजायची. कोण पाणी पीत नाहीये, कोणाचं बोलणं अचानक बंद झालंय, कोण गुडघा दाबत चालतोय, हे चालता चालता टिपायचं. पायथ्याच्या गावापर्यंत १०८ची गाडी येईल, पण तिथवर जखमीला खाली आणायला तासन् तास लागतील. तेवढा वेळ त्याला सांभाळायची तयारी मनाशी आणि पाठीवरच्या पिशवीत ठेवायची. रॅपलिंग असेल तर प्रत्येक अँकर दुहेरी, प्रत्येक गाठ दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेलेली, आणि उतरणाऱ्याला वेगळ्या दोरीचा बिले, म्हणजे दुसऱ्यानं धरलेला आधार. धबधब्यात तर अजून एक गोष्ट: दोरीवर अडकलेला माणूस पाण्याच्या माऱ्याखाली फार वेळ तग धरत नाही. त्याला कसं सोडवायचं हे खाली कोरड्यात आधी घोटलेलं असलं पाहिजे.

आणि पाणी. सह्याद्रीत पावसाळ्यात खरा वैरी पाणी आहे. वर पठारावर सर कोसळते, खाली घळीत ऊन असतं. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, वरचा आवाज बदलला, की जाणता लीडर सगळ्यांना मागे घेतो. समोरच्या काठावर धबधबा दिसत असतो, लोकांनी पैसे भरलेले असतात, चार जण कुरकुर करतात, एक जण वाईट रिव्ह्यू टाकायची धमकी देतो. तरी तो मागे घेतो. या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम हे आहे.

पण तो मागे घेईल की नाही, हे ओढ्याकाठी ठरतच नाही. ते आठवडाभर आधी ऑफिसात ठरलेलं असतं. ट्रेक रद्द झाला तर पैसे कोण परत करणार? लीडरचं मानधन त्यातून कापलं जाणार का? किती वाजले की जिथं असू तिथून परत फिरायचं? पंधरा जणांमागे एक लीडर की पंचवीस जणांमागे? ओढा भरला तर दुसरी वाट कोणती, आणि ती गेल्या पावसाळ्यानंतर कुणी चालून पाहिलीय का? ज्यानं ही उत्तरं लिहिली, तो ट्रेकचा पहिला लीडर. बहुतेक ठिकाणी ही उत्तरं कुणी लिहिलेलीच नसतात, कारण उपक्रम आखणं हेही स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचाही पगार द्यायला हवा, हे कुणाच्या गावी नाही. मग रद्द केलं की खिसा कापला जाणाऱ्या वीस वर्षांच्या पोराकडून आपण धैर्याची अपेक्षा करतो. हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपल्या जिवावर उदार होणं आहे.

हे असंच एकदा इंग्लंडमध्ये घडलं. २२ मार्च १९९३. दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम उपसागरात एका साहस केंद्रानं प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं कयाकमध्ये बसवून समुद्रात नेली. सोबत एक शिक्षक आणि केंद्राचे दोन प्रशिक्षक. त्या प्रशिक्षकांची तयारी अगदी प्राथमिक होती, संकटाचा इशारा द्यायला त्यांच्याकडे फ्लेअर नव्हते, आणि ठरलेली वेळ टळून गेल्यावरही तटरक्षकांना कळवायला काही तास लागले. चार मुलं गेली. चौकशीत बाहेर आलं की आधीच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी सुरक्षेच्या ढिलाईबद्दल व्यवस्थापनाला पत्रानं सावध केलं होतं. शिक्षा किनाऱ्यावरच्यांना झाली. कंपनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरली आणि तिचा संचालक तुरुंगात गेला. १९९५ साली तिथं मुलांच्या साहस केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि परवाना सक्तीचा झाला.

आता आपल्याकडे या. १ फेब्रुवारी २०१६, मुरूडचा किनारा. पुण्याच्या एका कॉलेजची सहल, १४ मुलंमुली बुडाली. त्यानंतर काय झालं? परिपत्रकं निघाली. इकडे जाऊ नका, तिकडे नेऊ नका, हमीपत्र घ्या, परवानगी घ्या. पाणी ओळखणारा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहणारा, ‘आज कुणी उतरायचं नाही’ असं ठामपणे सांगणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक सहलीबरोबर हवा, आणि त्याची फी सहलीच्या खर्चात धरलेली हवी, एवढी साधी गोष्ट मात्र झाली नाही. मुलांना घरी बसवणं सोपं वाटलं.

नियम अजिबात नाहीत, असंही नाही. राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हींवरचे उपक्रम त्यात आले, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली, उपकरणं, विमा आणि प्रशिक्षित माणसं यांच्या अटी आल्या. साहसी पर्यटनातल्या लीडरला काय काय यायला हवं, याचं आयएसओ २११०२ हे आंतरराष्ट्रीय मानकही २०२० पासून आहे. कागद तयार आहे. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून सुटणाऱ्या बसमध्ये तो वाचलेला माणूस शोधावा लागतो.

‘आमचे लीडर बीएमसी केलेले आहेत’ हा आणखी एक बुरखा. बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स ही फार चांगली गोष्ट आहे. एव्हरेस्टवर पहिली पावलं पडल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९५४ साली, दार्जिलिंगची संस्था उभी राहिली आणि तेनसिंग तिथले क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ची. तिथं साधारण चार आठवडे खडक, बर्फ, हिमनदी शिकवतात. मराठी मुलं तिथं जागा मिळवायला महिनोन्महिने थांबतात. पण हा विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग आहे. त्यात ‘ए’ श्रेणी आली तर पुढचा अॅडव्हान्स कोर्स, त्यातही ‘ए’ आली तर शिकवायचं कसं हे शिकवणारा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन. शोध आणि बचावाचा वेगळा कोर्स. या शिडीची पहिली पायरी चढलेल्याला लीडर म्हणून छापणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. शिवाय हिमनदीवर शिकलेलं अंधारबनच्या ओढ्यात पुरत नाही. तिथं वाहत्या पाण्यातली सुटका यायला हवी, निसर्गात उपयोगी पडणारं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं, आणि गट सांभाळायचा सराव हवा.

ब्रिटनमध्ये उन्हाळी माउंटन लीडर व्हायचं तर प्रशिक्षणाआधी डोंगरातले किमान वीस कसदार दिवस नोंदवहीत दाखवावे लागतात आणि परीक्षेआधी चाळीस. एकाच वाटेवरच्या चाळीस फेऱ्या चालत नाहीत. नवी वाट, वेगळं हवामान, स्वतः घेतलेले निर्णय लागतात. ही नोंदवही आपल्याकडे उद्यापासून सुरू करता येईल, त्याला शासननिर्णय लागत नाही. पुण्यात गिरिप्रेमी या गिर्यारोहण गटाच्या संस्थेनं विद्यापीठाच्या साथीनं गिर्यारोहणाचा पदविका अभ्यासक्रम चालवलाय, म्हणजे शिकायची सोयही उभी राहू लागलीय. हवं आहे ते शिकलेल्याला जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक.

आणि ही शिडी गावापर्यंत पोहोचली पाहिजे. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी, सांदण दरीच्या तोंडाशी असलेलं साम्रद, हरिश्चंद्रगडाखालची पाचनई आणि खिरेश्वर. या गावांतल्या महादेव कोळी, ठाकर घरांतली माणसं कोणती नाळ कधी फुटते, कोणत्या धारेवर धुकं आधी उतरतं, हे लहानपणापासून जाणतात. शहरातून आलेले आपण त्यांना ‘मामा’ म्हणतो, पिठलं-भाकरी मागतो, वाट दाखवल्याबद्दल हातावर दोन नोटा ठेवतो. लीडरचा टी-शर्ट मात्र शहरातल्या पोराच्या अंगावर. त्या मामांच्या मुलीला आणि मुलाला प्रथमोपचार, दोरी आणि गट हाताळणं शिकवा, प्रमाणपत्र द्या, दिवसाचा ठरलेला दर द्या. सह्याद्रीत करिअर म्हणायचं ते सगळ्यांत आधी तिथं उभं राहायला हवं.

अपघात झाल्यावर कोण धावतं, तेही पाहा. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स आणि घाटमाथ्यावरचे त्यांच्यासारखे गट. २०१८ साली आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत दोर टाकून तेच उतरले. जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा त्या निसरड्या चढणीवर पहिल्या मदतीत गिर्यारोहकच होते. नोकरी-धंदा बाजूला ठेवून, विनामोबदला. मौजेला नेणाऱ्याला नफा आणि प्रेत वर काढणाऱ्याला शाबासकी, ही वाटणी मला मान्य नाही. प्रत्येक नोंदणीकृत ट्रेकच्या तिकिटातून एक ठरावीक रक्कम या पथकांच्या दोऱ्या, स्ट्रेचर आणि विम्यासाठी गेली पाहिजे.

ज्या पोरापोरींना यातच पोट भरायचंय, त्यांच्याशी सरळ बोलतो. हा जगण्याचा उत्तम मार्ग आहे. कृत्रिम भिंतीवर चढाईची वाट रचणारे रूट सेटर आहेत, कारण टोकियो ऑलिम्पिकपासून क्लायंबिंग हा ऑलिम्पिकचा खेळ आहे. शाळांची शिबिरं आखणारे आहेत, उपकरणांची तपासणी करणारे आहेत, दुसऱ्यांच्या उपक्रमांचं सुरक्षा परीक्षण करणारे आहेत. गुडघे कुरकुरू लागल्यावरही हातात काम राहील, असं शिक्षण आधीपासून घ्या. बिनपगारी लीडर व्हायला नकार द्या, कारण तुम्ही फुकट गेलात की शिकलेल्याचा दर पडतो. विम्याशिवाय एकही गट नेऊ नका. आणि धोका खरा आहे, हे आईवडिलांपासून लपवू नका. गिर्यारोहक सविता कंसवालनं मे २०२२मध्ये सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं आणि ऑक्टोबरात उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षक म्हणून मुलांना शिकवताना द्रौपदी का डांडावरच्या हिमस्खलनात ती गेली. तिच्यासह प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी मिळून २९ जण. इतकी तयारीची माणसं जिथं जातात, तिथलं काम हौसेखाली मोजू नये.

उरले आईवडील. ‘हे काय करिअर आहे?’ म्हणून स्वतःच्या मुलीला अडवणारे आणि त्याच रविवारी धाकट्याला कुणा अनोळखी लीडरच्या हाती सोपवणारे. एकदा पैसे भरण्याआधी फोन करा. लीडरचं नाव विचारा, त्याची नोंदवही मागा, किती जणांमागे किती लीडर ते विचारा. मग विचारा, मागच्या पावसाळ्यात किती ट्रेक तुम्ही अर्ध्यातून परत आणलेत? ‘एकही नाही’ असं अभिमानानं सांगितलं, तर फोन ठेवा. आकडा सांगितला, तर आणखी एक विचारा: त्या दिवशीचे लीडरचे पैसे तुम्ही पूर्ण दिलेत का?