भाऊंच्या फोडणीतला लसूण

अहो, ऐकलंत का? वरच्या गल्लीतल्या भाऊंच्या घरी महिनाभर ना कांदा चिरला, ना लसूण सोलला! मी म्हटलं, कांदेनवमी तर अजून व्हायचीय, चातुर्मास इतक्या लवकर कसा बसला... तर कारण भाऊंचं पोट! तुम्हाला ठाऊकच आहे. वसमतची एसटी फाट्यावर आली की नेमके हे उलट पावली घराकडे. लग्नाला जायचे, अक्षता टाकायच्या, पण पंगतीला म्हणून बसायचे नाहीत.

तर काय सांगत होते... धाकट्या सुनेनं हट्टानं नांदेडला नेलं. रक्त, संडास, दुर्बीण, सगळं तपासलं. गहू सोसतो की नाही ती सिलियाकची टेस्टसुद्धा. ती म्हणे गहू खाणं चालू असतानाच करायची, सोडून बसलं की रिपोर्ट फसवतो. आणि निघालं काय? सगळं नॉर्मल! भाऊंचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "इतका पैसा ओतला आन् काहीच नाही?" डॉक्टर म्हणाले, आयबीएस आहे. आतड्याला जखम नाही, पण ते चिडकं झालंय.

मग तिथल्या आहारवाल्या बाईंनी कागद दिला. लो फॉडमॅप म्हणतात त्याला, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी काढलेलं. काही जातीच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढं मोठ्या आतड्यात जंतू त्यांचा गॅस करतात. झालं, चिडक्या आतड्याला तेवढं पुरतं. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, दूध, आंबा... सून यादी वाचतेय आणि काकूंचा चेहरा उतरत चाललाय. शेवटी म्हणाल्या, "मग ह्यांना माती खाऊ घालू का?"

पण बाई, ज्वारीची भाकरी चालते! भात चालतो, शेंगदाणे, थोडं वांगं, आपली हळदसुद्धा. लसणाचीही युक्ती आहे. त्यातली ती साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून पाकळ्या तेलात परतायच्या, काढून टाकायच्या आणि त्याच तेलाची फोडणी द्यायची. तेल मात्र रोजचं रोज करायचं, भरून ठेवायचं नाही. वास तोच! काढलेल्या पाकळ्या काकू गुपचूप भाकरीशी खातात, हे तुमच्यात-माझ्यात हं.

खरी गंमत केळीची. केळीबागेचा माणूस, आणि कागदावर काय, तर पिकून ठिपके पडलेलं केळं बंद! करकरीत, जरा कच्चट असेल तर एखादं चालेल. भाऊ सुनेकडं असे बघत राहिले, जणू तिनं बागेचा सातबाराच मागितला.

हां, आणि हे जन्मभर नसतं बरं. दोन ते सहा आठवडे फार झाले. पोट शांत झालं की एकेक जिन्नस परत आणायचा, तीन दिवस हळूहळू वाढवत, आणि लिहून ठेवायचं. सुनेनं वहीच केली. दुधानं काही झालं नाही. इतकी वर्षं बिचारे उगीच कोरा चहा पीत होते! दोन पोळ्या पचल्या, चौथीला पोट कुरकुरलं. लसणाला मात्र पहिल्याच दिवशी धावपळ. आणि पिकल्या केळ्यालाही... तेव्हा भाऊ कोणाशी बोलले नाहीत दिवसभर.

ते बघून आत्याबाईंनी काय केलं माहितीय? ना डॉक्टर, ना टेस्ट. दूध, गहू, डाळी, सगळं एकदम सोडलं, आणि परत काहीच आणलं नाही! भाऊंची यादी ती भाऊंची. ह्यांना लसूण कदाचित मुकाट पचत असेल. शिवाय आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही त्याच साखरा लागतात म्हणे. ब्लाऊज बघा किती सैल झालेत त्यांचे. वजन असं आपोआप उतरलं, संडासला रक्त दिसलं किंवा रात्री पोटानं झोपेतून उठवलं, तर कागद बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा असतो. मी सांगितलं तर नाक मुरडतात. तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतील.