एकाने बोला!

लग्नकार्यात मला कुणी काम सांगत नाही, वस्तू सांभाळायला देतात. चौतीस वर्षं गणिताचा मास्तर होतो, तेव्हा हा माणूस हिशेबाला पक्का असणार अशी नातेवाइकांची समजूत आहे, आणि ती मोडावी असं मला कधी वाटलेलं नाही. परवा साताऱ्याला भाच्याच्या लग्नात सकाळी दहापर्यंत माझ्याकडे मावशींचा चष्मा, आहेराच्या पाकिटांची पिशवी, कुणाच्या तरी बाळाची दोन झबली आणि जावईबापूंच्या गाडीची किल्ली एवढा ऐवज जमा झाला होता. जावईबापूंच्या नव्या रेशमी कुर्त्याला शिंपी खिसा ठेवायलाच विसरला होता. मी आयुष्यभराच्या सवयीने सगळं जागच्या जागी लावून टाकलं. चष्मा चष्म्याच्या खिशात, पाकिटं पाकिटांच्या पिशवीत, किल्ली किल्ल्यांत. झबल्यांना तेवढी जागा सापडेना, ती पंक्तीत बसेपर्यंत खांद्यावर राहिली.

जेवणं आटोपली. खंबाटकीचा घाट उजेडी उतरावा म्हणून मी आणि बायको लवकर निघालो. कार्यालयाच्या मागे आंब्याखाली आमची गाडी उभी होती. मी दहा पावलांवरून रिमोटची कळ दाबली. गाडी ढिम्म. पाच पावलांवरून दाबली. ढिम्म. मग मी किल्ली हनुवटीला लावून दाबली.

हे जरा समजावून सांगायला हवं. रिमोट महिनाभर कुरकुरत होता. किल्ली हनुवटीला टेकवून कळ दाबली की डोक्यातल्या पाण्याचा उपयोग होऊन लहरी जास्त लांब जातात, असं कळल्यापासून मी तसंच करत होतो. हा विनोद नाही, खरंच तसं होतं. निवृत्तीनंतर डोक्याचा इतका थेट उपयोग पहिल्यांदाच होत असल्यामुळे सेल बदलायचं मी लांबणीवर टाकलं होतं. पण त्या दिवशी डोकंही चालेना. ऊस खाल्ल्यासारखी किल्ली तोंडापाशी धरून मी गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागलो, तेव्हा निरोप द्यायला आलेले मामा थबकले.

"काय झालं?"

"सेल गेलाय," मी म्हणालो.

"यांनी किल्ली पँटीबरोबर मशीनमध्ये धुतली," बायको म्हणाली.

दोन्ही वाक्यं एकाच क्षणी सुटली. आमच्याकडे हे गेली अडतीस वर्षं असंच चालतं.

"एकाने बोला रे बाबांनो," मामा म्हणाले. "मला काहीच कळलं नाही."

मामांना कळलं नाही तरी अख्ख्या कार्यालयाला कळलं. बंद पडलेली गाडी आणि रडणारं मूल, दोन्ही पाहिलं की मराठी माणसाला उपाय सुचतो. पाच मिनिटांत आमच्याभोवती वधूपक्षाचे सात आणि वरपक्षाचे नऊ उपाय जमले. एका उत्साही मुलाने मोटारसायकलला किक मारली आणि पोवई नाक्याकडे जाऊन घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. सीआर २०३२. या नावाने मला भलताच आनंद झाला, कारण ते नाव नसून माप आहे: वीस म्हणजे व्यास वीस मिलिमीटर आणि बत्तीस म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. एवढं स्वच्छ, सरळ नाव मी माझ्या नातवंडांतही ऐकलेलं नाही. नखाने किल्लीचं कवच उघडून मी सेल बसवला आणि कळ दाबली. कुंईक! दारं उघडली. वधूपक्षाने टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात जोडून सर्वांचा निरोप घेतला, आत बसलो, किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, दोन सेकंद गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू, दोन सेकंद, बंद. तिसऱ्यांदाही तेच. समोर काट्यांच्या शेजारी एक लाल दिवा उघडझाप करत होता. छोटीशी मोटार आणि तिच्या पोटात कुलूप, असं ते चित्र. सहा वर्षं मी त्या चित्राकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत आलो होतो.

"बॅटरी उतरली," मेव्हणे म्हणाले. मी हॉर्न दाबला. तो इतका खणखणीत वाजला की बँडवाल्याने चमकून वळून पाहिलं. बॅटरी उतरली असती तर दिवे मंद झाले असते आणि इंजिन नुसतं कटकट करत राहिलं असतं. बॅटरी सुटली.

"धक्का मारू," मामा म्हणाले.

मामांच्या पिढीचा धक्क्यावर फार विश्वास. खोटं कशाला बोला, माझाही आहे. कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाटचे ते दिवस. थंडीत चोक ओढायचा, मनातल्या मनात गणपतीला हात जोडायचे आणि किल्ली फिरवायची. नाहीच ऐकलं तर शेजारी धावत यायचे, आणि अँबॅसेडर असेल तर कुणीतरी पुढे उकिडवा बसून हँडल मारायचा. आमच्या फियाटची किल्ली इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्या जागी गोदरेजच्या कपाटाची किल्ली घातली तरी दार उघडायचं. गाडी हट्टी होती, पण संशयी नव्हती. आत बसेल तो आपला मालक, असा तिचा सरळ स्वभाव.

"मामा, ही गाडी धक्क्याने नाही चालू होणार," मागून आवाज आला. हा माझा पुतण्या. चाकणला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. "काका, हे इमोबिलायझर आहे."

पुतण्याला सगळं माहीत होतं. गाडी तेवढी चालू करता येत नव्हती. म्हणून त्याने माहिती द्यायला सुरुवात केली, आणि मला कबूल केलं पाहिजे की ती मला आवडली.

त्याचं म्हणणं असं की, या एका किल्लीत दोन जीव राहतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. पहिला रिमोट. हा सेलवर जगतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर लांबून ओरडतो, "दार उघडा." चोराने ती हाक टिपून ठेवू नये म्हणून दर हाकेला नवा आकडा असतो. किल्लीचा पाढा आणि गाडीचा पाढा बरोबरीने पुढे सरकतो. आपण घरी सोफ्यावर बसून उगाच कळ दाबत राहिलो तर किल्ली पुढे निघून जाते आणि गाडी मागे राहते. थोडं पुढे गेलेलं चालतं, फार पुढे गेलं की गाडी म्हणते, हा मुलगा माझ्या वर्गातला नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. टीव्हीसमोर बसून तीच कळ दाबायची मला सवय आहे.

दुसरा जीव म्हणजे चिप. तिला सेल नाही, पाणी नाही, मशीनमध्ये धुतली तरी बहुधा तिला पत्ता लागत नाही, इतकी ती बंदिस्त असते. किल्ली घालतो त्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यातून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर निघते. दोन-चार सेंटिमीटरवर असलेली चिप त्या लहरीतूनच वीज घेते आणि त्याच विजेवर उत्तर देते. म्हणजे हा वार लावून जेवणारा विद्यार्थी. ज्याच्या दारी जेवायचं त्याच्याच ओसरीवर धडा म्हणून दाखवायचा. बऱ्याच गाड्यांत प्रश्नही दरवेळी नवा असतो, त्यामुळे पाठांतर उपयोगी पडत नाही, गणित सोडवावंच लागतं. उत्तर बरोबर आलं तर तो लाल दिवा दोनतीन सेकंदांत विझतो. चुकलं तर उघडझाप करत राहतो आणि गाडीचा मेंदू इंजिनाचं पेट्रोल तोडतो. मग धक्का मारा, हँडल मारा, नाहीतर आरती करा.

"आणि बटणाच्या गाड्यांत?" मेव्हण्यांनी विचारलं. त्यांची बटणाची आहे, हे सर्वांना कळणं गरजेचं होतं.

"त्यातही चिप असतेच. सेल गेला तर बहुतेक गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवायचा. दार उघडायला रिमोटच्या पोटात बारीक लोखंडी किल्ली लपवलेली असते." मेव्हण्यांनी आपल्या रिमोटचं पोट तपासलं. निघाली! चार वर्षांत त्यांनी ती पाहिली नव्हती.

पुतण्या पुढे बरंच बोलला. युरोपात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं. कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती, म्हणून काही स्वस्त गाड्यांत ते बसवलंच नव्हतं. २०२१-२२ च्या सुमारास तिथली पोरं यूएसबी केबलचं टोक खुपसून त्या गाड्या चालू करायला लागली आणि एकमेकांना व्हिडिओतून शिकवायला लागली. विद्यार्थ्यांनी स्वतःहून एकमेकांना शिकवण्याचं उदाहरण मी पहिल्यांदाच ऐकलं.

"म्हणजे गाडी यांना चोर समजतेय?" बायकोने मुद्द्याचं विचारलं.

"तसंच काहीसं, काकू."

भर कार्यालयात, आहेराच्या पाकिटांची पिशवी काखेत असताना, हे ऐकणं बरं नव्हतं.

मग दुसऱ्या किल्लीचा विषय निघाला. गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. दुसरी मी अगदी सुरक्षित ठेवली होती, म्हणजे पुण्यात, कपाटात, आतल्या खणात. बायकोच्या पर्समध्ये मात्र तिसरी होती, रस्त्यावरच्या चावीवाल्याने कानस घासून केलेली. ती लावली. सुरू, दोन सेकंद, बंद. चावीवाल्याने दाते हुबेहूब काढले होते, पण त्यात चिप कुठली? नुसता गणवेश शिवून आणल्याने मुलाला बाराखडी येत नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका गोड मुलीने गाडी उचलून न्यावी लागेल, दोन्ही किल्ल्या आणाव्या लागतील आणि नवी किल्ली लागली तर खर्च अमुक येईल, असं सांगितलं. तो आकडा ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तेवढाच ऐकू आला.

शेवटी आचाऱ्याने आपल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. पंचविशीतला पोरगा, हाताला ग्रीस. साताऱ्यात भेटणारा प्रत्येक तरुण आपला माजी विद्यार्थी निघेल अशी मला धास्ती असते, पण हा नव्हता. असता तर इतकं नेमकं बोलला नसता. त्याने बॉनेट उघडलं नाही. वाकून दिवा पाहिला आणि म्हणाला, "गाडी चावी वळखंना झालीया." पुण्यात आपण किल्ली म्हणतो, गॅरेजात चावी म्हणतात, शोरूममध्ये की म्हणतात. गाडीला तिन्ही भाषा कळत नव्हत्या.

मग त्याची नजर माझ्या जुडग्यावर गेली. माझा जुडगा ही पाहण्यासारखी वस्तू आहे. घराच्या दोन, कपाटाच्या तीन, गच्चीची एक, अकरा वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरची एक, आणि कुलूप कधीच न सापडलेल्या दोन. "सर, एवढं वझं लटकवून कुलपाची वाट लागंल," तो म्हणाला, आणि एकेक बाजूला सारत मध्येच थांबला. "ही काळी कुणाची?"

मी पाहिलं. बायकोने पाहिलं. वधूपक्षाने पाहिलं. ती जावईबापूंच्या गाडीची होती.

"ह्यात बी चिप हाय न्हवं," पोरगा म्हणाला. "दोघी एकदम बोलत्यात. गाडीनं कुणाचं ऐकायचं?"

त्याने ती किल्ली कडीतून काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि मला दोन पावलं मागे उभं केलं. मग स्वतः किल्ली फिरवली. लाल दिवा दोन सेकंद लागला, विझला. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

चौतीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. एक नंबर पुकारला आणि दोन पोरं एकदम "हजर" म्हणाली, तर मी दोघांनाही बाहेर काढत असे. गाडीने याहून वेगळं काही केलं नव्हतं. सकाळी पुण्याहून ती निमूट निघाली, कारण तेव्हा जुडग्यात बोलणारी एकटीच होती.

पोराने पैसे घेतले नाहीत. "चावी तर काढली फकस्त," म्हणाला. मी त्याच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा ठेवतोय तोच जावईबापू धावत आले. सबंध कार्यालय पालथं घालून आले होते.

"बाबा, माझी किल्ली? आम्हाला आज कोल्हापूर गाठायचंय."

मी मूठ उघडली. कुणी काही बोललं नाही. पण हिशेब सगळ्यांनाच आला असावा. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली असती, तर या वेळी मी घाटाच्या पलीकडे असतो आणि लेक-जावई साताऱ्यात, कुलूपबंद गाडीबाहेर उभे असते. इमोबिलायझरचा संशय अगदीच काही निराधार नव्हता. दुसऱ्याच्या गाडीची किल्ली घेऊन पळणारा माणूस त्याने वेळेत पकडला होता.

"मावशींचा चष्माही द्या आता," बायको म्हणाली.

घाट अर्थातच अंधारात उतरलो. सोसायटीच्या फाटकाशी पोचायला रात्रीचे दहा वाजले. फाटकावर नवा वॉचमन होता. त्याने टॉर्चचा झोत आधी गाडीवर टाकला, मग माझ्या तोंडावर.

"कुणाकडे जायचंय?"

"इथेच राहतो, बावीस वर्षं झाली," मी म्हणालो.

"बी विंग, चारशे दोन," बायको म्हणाली.

"एकाने बोला," तो म्हणाला.

मी गप्प बसलो. फाटक उघडलं.