कपाटातल्या घड्याळाचे धनी

नळदुर्ग गावाला प्रसंगोपात्त वैभवाची सवय जुनीच आहे. किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळापासून, म्हणजे 1613 पासून, जागचा हललेला नसला, तरी त्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात ते पावसाळ्यात, आणि तेही पावसाने मनावर घेतले तर. खंडोबाची मूर्ती वर्षातले सुमारे दोन महिने मैलारपुरात, म्हणजे नळदुर्गात, आणि उरलेला काळ अणदूरला असते. जिल्ह्याचे ठिकाण असण्याचा मानही गावाने निजामी राजवटीत भोगून पुढे सोडून दिला. अशा ठिकाणी वर्षातून पाच-सात वेळाच कपाटाबाहेर येणारे घड्याळ आणि त्याचा धनी यांचे कोणाला नवल वाटत नाही.

हा धनी बहुधा निवृत्त असतो. शाळेतून, तहसिलीतून किंवा एसटीतून. नोकरीच्या काळात त्याच्या मनगटावर एचएमटी होते, म्हणजे 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात सुरू झालेल्या सरकारी कारखान्याचे, रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारे घड्याळ. निवृत्तीच्या सुमारास आखातात कामाला असलेल्या मेहुण्याने सिको फाइव्ह आणून दिले आणि गृहस्थाची प्रतिष्ठा व दिनचर्या एकाच दिवशी बदलली. हे घड्याळ ऑटोमॅटिक असते. याचा अर्थ असा की, पाठीमागच्या झाकणाखाली रोटर नावाचे अर्धचंद्राकृती वजन असते, ते हाताच्या हालचालीबरोबर फिरते आणि फिरता फिरता आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळते, मग तीच स्प्रिंग उलगडत जाऊन काटे चालवते. पूर्ण गुंडाळलेली स्प्रिंग साधारण 40 तास पुरते. या जातीच्या जुन्या सिकोंना हाताने किल्ली देण्याची सोयच नाही, त्यामुळे घालायचे नसेल तर ते थांबणार, हे ओघानेच आले.

वस्तुतः थांबल्याने घड्याळाचे काही बिघडत नाही, उलट झीज टळते. त्याला खरी भीती असते ती दमटपणाची, लोहचुंबकाची आणि वर्षानुवर्षे पडून घट्ट होणाऱ्या तेलाची, आणि त्यावर दर काही वर्षांनी कारागिराकडून ते उघडून साफ करून घेणे हाच उपाय. परंतु धन्याचे मन हे मानत नाही. थांबलेले घड्याळ घरात असणे त्याला दिवा न लावलेल्या देव्हाऱ्यासारखे वाटते. म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री तो कपाट उघडतो, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या पांढऱ्या हातरुमालातून घड्याळ सोडवतो आणि ताप उतरलेला थर्मामीटर झटकावा तसे झटकू लागतो. घड्याळाला हवी असते संथ, गोल हालचाल, धक्का नव्हे. हे त्याला ठाऊक असते, इतरांना तो तसे बजावतोही.

खरी परीक्षा पुढे असते, कारण रात्री नऊपासून पहाटे तीन-चारपर्यंत तारीख-वार झटपट बदलू नयेत, असा नियम आहे. त्या वेळात तारखेची चाके आधीच एकमेकांत अडकलेली असतात आणि जबरदस्ती केली तर दाता मोडतो. थांबलेल्या काट्यांवरून मात्र ते दुपारचे की रात्रीचे हे कळत नाही. तेव्हा काटे पुढे फिरवत बाराच्या पार नेऊन तारीख पालटते का, हे पाहावे लागते. त्यातच वाराची चकती दोन भाषांची, आणि मध्यरात्रीनंतर ती अर्ध्या-अर्ध्या पावलाने सरकते, त्यामुळे मध्येच इंग्रजी वार जाऊन अरबी उगवतो. तो शेजारच्या चाचांकडून वाचून घ्यावा लागतो. चाचा वाचून देतात आणि स्वतःचा मोबाइल पाहून तो चुकीचा असल्याचेही सांगतात.

मंगल कार्यालयात पोहोचल्यावर धनी सदऱ्याची डावी बाही दोन बोटे वर ठेवतो. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा छापलेला असतो, घड्याळ सेकंदाला सहा ठोक्यांनी चाललेले असते आणि नवरदेव अजून वेशीतल्या मारुतीच्या पाया पडत असतो. सव्वा वाजता मुहूर्त टळल्याची घोषणा करण्याचा अधिकार कार्यालयात या एकाच व्यक्तीकडे आहे, असे तिला स्वतःला वाटते. पुढे मंगलाष्टके सुरू होतात आणि तांत्रिक अडचण उभी राहते: घड्याळ डाव्या हाताला, अक्षता उजव्या हाताने. डाव्याने टाकणे अशुभ, उजव्याला घड्याळ बांधणे विचित्र, म्हणून सबंध विधीत रोटरच्या वाट्याला शेवटच्या टाळ्यांखेरीज काही येत नाही. पंगतीत वाढायला उभे राहावे, तरी बुंदीची बादली डाव्या हातात स्थिर आणि डाव मात्र उजव्यात. हात धुताना तो घड्याळ काढून खिशात घालतो, जरी ते पाण्यात चालते हे त्याने जेवताना दोघांना सांगितलेले असते, पाणीमहालाचा दाखला देऊन: डोक्यावरून नदी जाते, आत थेंब नाही.

पुण्याच्या मुलाने एकदा वाइंडर पाठवला. वाइंडर म्हणजे न घातलेले घड्याळ विजेवर सावकाश फिरवत ठेवणारी डबी. आपोआप चालणाऱ्या यंत्राला चालवायला दुसरे यंत्र, ही कल्पना धन्याला मुळीच खटकली नाही. खटकले ते भारनियमन. मग ते घड्याळ नातवाच्या पाळण्याला बांधून पाहण्यात आले, पण त्या प्रयोगात बाळाला झोप लागली आणि घड्याळालाही.

लग्नाहून परतल्यावर पट्ट्याचा घाम कोरड्या फडक्याने टिपला जातो, काच पंच्याने पुसली जाते आणि घड्याळ पुन्हा रुमालात, रुमाल कपाटात, कपाटाची किल्ली जानव्याला. जेमतेम गुंडाळलेली स्प्रिंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते. तोवर पातळांच्या घडीखाली, अंधारात, ते बरोबर वेळ दाखवत असते. बाहेर धनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून, आता किती वाजले, हे पत्नीला विचारत असतो.