दर गुरुवारी येणाऱ्या सरांस

रा. रा. गुरुवारचे सर यांस,
सा. न. वि. वि.

मायन्यात आपलं नाव नाही, याबद्दल क्षमा असावी. शोधण्यात कसूर झालेली नाही. ज्या दवाखान्यात आपण दर गुरुवारी संध्याकाळी येता, तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीच्या मोबाइलमध्ये आपण ‘ओरल सर्जन थर्सडे’ म्हणून सेव्ह आहात. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आपल्याला ‘आमचे सर’ म्हणतात. बिलावर दवाखान्याचं नाव आहे आणि औषधांच्या चिठ्ठीवर बाईंचं. कोथरूडच्या एका शिक्षिकेच्या जबड्याचं हाड कोरून, जिनं तिला सहा महिने छळलं ती अक्कलदाढ ज्या माणसानं काढली, त्याचा पत्ता मात्र सगळी फाइल उलटीपालटी करूनही लागत नाही. तेव्हा वाराच्या नावानंच हाक मारावी लागते आहे. गुरुवार दत्ताचा वार, एवढाच काय तो दिलासा.

आपल्या आठवणीसाठी केस सांगायला हवी; आठवड्याला आपल्या हातून किती दाढा जात असतील! खालची, डावीकडची. दातांच्या डॉक्टरांच्या हिशेबात क्रमांक ३८. हिरडीखाली आडवी झोपलेली आणि शेजारच्या दाढेला डोक्यानं ढुशा देणारी. ओपीजी नावाच्या त्या लांबलचक एक्स-रेमध्ये तिची मुळं जबड्यातल्या नसेच्या नळीला टेकलेली दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘ही माझ्या हातची नाही. आमचे सर येतात गुरुवारी, ते काढतील.’’ कायद्यानं बीडीएस डॉक्टरलाही दाढ काढता येते आणि सरळ उगवलेल्या दाढा ते रोज काढतातच. पण हाडात रुतलेली दाढ दिसली, की शहाणा डॉक्टर आपल्यासारख्याला बोलावतो. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर निवडताना चौकशी नको का करायला? केली की! शिक्षिकेचे यजमान अस्सल पुणेकर. स्कूटरची क्लचप्लेट बदलायची तरी ते नाना पेठेत तीन दुकानं फिरतात. हापूसची पेटी घेताना खालच्या थरातला आंबा वर काढून दाखवायला लावतात. दाढेसाठी त्यांनी पंधरा दिवस घातले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चांगला डेंटिस्ट सुचवा’ असं टाकल्यावर अर्ध्या तासात अकरा नावं आली. त्यांतल्या एकाला दोन जणांनी देवमाणूस म्हटलं आणि तिघांनी लुटारू. यजमानांनी गुगलवरचे तारे मोजले, लिफ्ट चालते का ते पाहिलं, हत्यारं कशात निर्जंतुक करता हे विचारून ते यंत्रही डोळ्यांखालून घातलं. डॉक्टरीणबाईंना तीन भेटींत पारखलं. मग गुरुवार उजाडला. संध्याकाळी साडेसातला पाठीवर सॅक आणि काखेत हेल्मेट घेतलेले एक गृहस्थ घाईघाईनं आत गेले आणि दार लागलं. पंधरा दिवसांची निवड त्या दाराबाहेर, टीव्हीवरची मालिका बघत बसून राहिली.

ते गृहस्थ म्हणजे आपण.

पार्किंगची तक्रार या पत्रात नाही. ती पुण्यात कुणाकडेच करण्यात अर्थ नाही. त्या मालिकेबद्दलही काही म्हणणं नाही. भूल उत्तम चढली होती, दुखलं म्हणून तर अजिबातच नाही. हात आपला हलका आहे, असं शिक्षिका स्वतःच सांगते. दुखतंय ते एका कागदावर. शस्त्रक्रियेआधी तिच्यापुढे संमतिपत्र ठेवलं गेलं. त्यात रुग्णाचं नाव, वय, पत्ता, मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, नातेवाइकाची सही, सगळं भरून घेतलं. दाढेच्या रकान्यात ‘३८’ लिहिलं. त्याखाली छापलेलं होतं : ‘शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं नाव व नोंदणी क्रमांक’. पुढे कोरी रेघ. दाढेलाही नंबर होता, सर. आपल्याला नव्हता.

‘इथं काय लिहायचं?’ असं तिनं विचारलं तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘‘ते राहू द्या, ते आमचं असतं.’’

काय असतं आमचं? हाड बाईचं, नस बाईची, जन्मभर ओठ बधिर राहिला तर तो ओठ बाईचा, आणि कोरी रेघ तेवढी दवाखान्याच्या मालकीची? दारी जेवण घेऊन येणाऱ्या मुलाचं नाव मोबाइलवर आधी येतं, फोटोसकट. गॅसची शेगडी दुरुस्त करणारा ओळखपत्र दाखवल्याशिवाय सोसायटीच्या फाटकातून आत येत नाही. ज्या गावातल्या पाट्या बेल किती वेळा वाजवावी हेही सांगतात, त्या गावात जबड्यात ड्रिल घालणारा माणूस कोण, हे विचारणं उद्धटपणाचं ठरावं, ही निव्वळ निर्लज्ज पद्धत आहे. यात सौम्य शब्द वापरण्यासारखं काही नाही.

बरं, लपवावं असं आपल्याकडे काही आहे म्हणावं, तर तेही नाही. बीडीएसचा चार वर्षांचा अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, त्यावर एमडीएसची तीन वर्षं. एमडीएसच्या शाखा नऊ : हिरड्यांची वेगळी, वाकड्या दातांची वेगळी, लहान मुलांची वेगळी, रूट कॅनॉलची वेगळी. मुख आणि जबड्याची शस्त्रक्रिया ही आपली. ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ किंवा ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ असली शाखा या नवांत कुठेही नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र तेच शब्द सगळ्यात ठळक. म्हणजे जी शाखा नाही ती दिव्यांच्या माळेत झळकते आणि जी आहे ती सॅक घेऊन मागच्या दारानं येते. डेंटिस्ट कायदा १९४८ चा. त्याखाली महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत प्रत्येकाची नोंद असते, आणि २०१४ च्या आचारसंहितेनुसार तो नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवर आणि पावतीवरही छापायचा असतो. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही मंजूर केला. कायदे जुने होतात, नवे येतात. कोथरूडमधली ती रेघ कोरीच.

या बाबतीत पुण्याची परंपरा जुनी आहे, हे मात्र आपल्या बाजूनं मान्य करायला हवं. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. नाकाच्या जागी मेणाचा पातळ पत्रा बसवून त्यानं माप घेतलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनं कातडी कापली आणि दोन डोळ्यांमधला कातडीचा दुवा न तोडता ती खाली वळवून बसवली. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ही हकिकत चित्रासह छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं आणि युरोपात त्या शस्त्रक्रियेला तोंड फुटलं.

त्या छापील मजकुरात रुग्णाचं नाव आहे. बघ्यांची नावं आहेत. पत्र पाठवणाऱ्यानंही निदान दोन अक्षरं, ‘बी. एल.’, मागे ठेवली आहेत. ज्यानं नाक केलं त्याची फक्त जात आहे.

सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं एक वेळ समजू शकतं. ते पत्र परक्यांनी लिहिलं होतं आणि कारागिराला नाव असतं हे त्यांच्या गावी नव्हतं. आपलं नाव आपल्याच माणसांनी झाकलंय, आणि कारण साधं आहे. पेशंटला सर्जनचा नंबर मिळाला तर पुढच्या वेळी तो थेट सर्जनकडे जाईल, ही भीती. म्हणून आपण कार्ड द्यायचं नाही, पेशंटनं मागायचं नाही आणि मधल्या मंडळींनी ‘आमचे सर’ म्हणत राहायचं. कुणी लिहून न ठेवलेला हा करार आपल्यालाही मान्य असणार, नाहीतर शुक्रवारी दुसरे कुणी ‘आमचे सर’ आले असते.

चौथ्या दिवशी या कराराची किंमत कळली. दाढ काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि खालच्या हाडाला पांघरूण घालते. कधीकधी ती निसटते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तो कुणाच्याही हातून होतो, त्यात आपला दोष नाही. रविवारी रात्री शिक्षिका उशीवर डोकं आपटत होती. फोन लावला तर, ‘‘सर गुरुवारी येतात.’’ सोमवारी सकाळी, ‘‘सर आज खराडीला असतात.’’ दुपारी, ‘‘सर हडपसरला, ओटीमध्ये आहेत.’’ दुखणं सोमवारचं आणि सर्जन गुरुवारचा, हा तिढा पंचांग बघूनही सुटत नाही.

आणखी एक. दाढ काढल्यावर ओठ बधिर होता, तेव्हा रिक्षात बसून ती बाई घरापर्यंत प, फ, ब, भ, म म्हणत आली. सातवी-आठवीला मराठी शिकवते; ओठ गेला तर ओष्ठ्य वर्ण गेले, असं तिला वाटलं. ती नस ओठ हलवत नाही, ओठाला फक्त जाणीव देते, एवढं एक वाक्य तिला आधी कुणी सांगितलं नाही. ते वाक्य आपल्याकडे होतं. पण आपली आणि तिची पहिली भेट झाली तेव्हा तिच्या तोंडात भुलेची सुई होती.

इथं खरं तर पत्र संपवून खाली खरमरीत सही ठोकायची होती. पण सोमवारी रात्री जे झालं ते लिहायलाच हवं.

पावणेअकराला रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला : ‘‘सर घरी जाताजाता येतायत, तुम्ही या.’’ आपण आलात. कपाळावर हेल्मेटचा वळ होता. त्या दिवशी कुणाचा तरी मोडलेला जबडा पट्ट्या लावून जुळवला होता, असं आपण डॉक्टरीणबाईंना सांगत होतात. दुचाकी, हेल्मेट नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या शहरात आपल्याला काम कमी पडायचं नाही. त्याआधीच्या पेशंटच्या तोंडात त्याची स्वतःची दोन बोटंही उभी जात नव्हती. एरवी तीन जातात. महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली २०१२ मध्ये, आणि आपण आजही गुटख्यानं दोरीसारखे ताठरलेले गाल सोडवत फिरता. शिकलात ते हे करायला. आणि पोट भरतं ते चार उपनगरांतल्या चार दवाखान्यांत, स्वतःची हत्यारं स्वतःच्या पाठीवर वाहून, केसमागे मिळेल ते घेऊन आणि महिनाअखेरीला त्याची आठवण करून देऊन. एमडीएसची लाखांतली फी भरलेल्या माणसाला पुण्यात स्वतःची खोली घेऊन स्वतःची पाटी लावणं सोपं राहिलेलं नाही, हे पाटीचा विचार करतानाच लक्षात आलं.

आपण तो खड्डा कोमट सलाइननं धुतलात. लवंगेच्या तेलाचा वास असलेली पट्टी चिमट्यानं अलगद दाबून बसवलीत. पाच मिनिटांत ठणका उतरला. शिक्षिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं. पैसे विचारले तर हात हलवलात.

म्हणून मागणं अगदी लहान आहे. त्या रेघेवर आपलं नाव, एमडीएस कुठल्या शाखेचं ते, आणि परिषदेचा क्रमांक. दाढ काढण्याआधी एकदा पाच मिनिटं, एक्स-रे समोर धरून, भुलेशिवाय. चौथ्या दिवसासाठी एक फोन नंबर. डॉक्टरीणबाईंनी याला हरकत घेतली, तर शिक्षिकेच्या यजमानांना पुढे करावं. ते आंब्याच्या पेटीवर अर्धा तास वाद घालू शकतात.

त्या रात्रीच नाव विचारायचं होतं. पण तिच्या तोंडात पट्टी आणि बोळा होता, बोलू नका असं आपणच सांगितलंत. यजमान विचारणार होते. ते खाली पार्किंग शोधत होते. जागा मिळून ते वर येईपर्यंत आपण निघाला होतात. जिन्यात हेल्मेट घातलेल्या कुणाला तरी त्यांनी ‘जरा सरका’ म्हटल्याचं त्यांना आठवतं.

पत्ता नसल्यामुळे हे पत्र रिसेप्शनवर, एक्स-रेच्या पाकिटांखाली ठेवत आहे. गुरुवारी मिळेल.

आपली नम्र,
रिकामी जागा क्र. ३८
(खालची, डावीकडची)