साहेब फील्डवर आहेत

मी भोसरी एमआयडीसीत डिस्पॅचला आहे. आमच्याकडे ब्रॅकेट होतात आणि ते चाकणच्या एका मोठ्या गाडीकंपनीच्या लाइनवर जातात. तिथे माल साठवायची पद्धत नाही. गेटवर आला की दोन तासांत गाडीला लागतो. त्यामुळे आमचा टेम्पो तळेगाव चौकात अडकला, की कंपनीच्या स्टोअरचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत मला तीन फोन करतो, पुढच्या दहा मिनिटांत माझ्या मॅनेजरला करतो आणि लाइन थांबलीच, तर मिनिटाच्या हिशेबाने डेबिट नोट पाठवतो. ‘तळेगाव चौकात कोण अडकत नाही हो?’ हे उत्तर चालत नाही. अशा शिस्तीत एकोणीस वर्षं काढल्यावर माझा समज झाला होता, की उशीर करतो त्यालाच त्याचे पैसे भरावे लागतात. हा समज होम लोनने दूर केला.

२०२५च्या ६ जूनला, शुक्रवारी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरवला. फेब्रुवारीपासूनची ही तिसरी कपात. साडेसहाचा दर साडेपाचवर आला. त्या दिवशी कँटीनमध्ये भाजी कसली आहे हे कुणी विचारलं नाही. ज्यांचं कर्ज बँकेचं आणि १ ऑक्टोबर २०१९ नंतरचं, ते खुशीत होते. त्यांचा दर बाहेरच्या मापाला, बहुतेकांचा रेपोलाच, बांधलेला. तीन महिन्यांच्या आत तो हलणारच. माझं कर्ज २०१८ सालचं, मोशीतल्या टू बीएचकेवरचं आणि तेही एका गृहवित्त कंपनीचं. तिचा दर तिच्या घरच्या काट्यावर ठरतो. २०२२च्या मे महिन्यात रेपो चढायला लागला, तेव्हा दरवाढीची पत्रं माझ्याकडे वेळच्या वेळी आली. कपातीचं पत्र बहुधा साध्या टपालाने निघालं असावं.

बाकी ३६ लाख, दर सव्वानऊ. एक बँक पावणेआठने द्यायला तयार. फरक दीड टक्क्याचा, म्हणजे वर्षाचे ५४ हजार, महिन्याचे साडेचार हजार, दिवसाचे दीडशे. हे दीडशे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१२ जूनला, गुरुवारी, बँकेचे लोन ऑफिसर स्वतः मोशीला घरी आले. गुरुवारी, कारण या पट्ट्यातल्या पुष्कळ कंपन्यांसारखी आमचीही आठवड्याची सुट्टी त्याच दिवशी असते. साहेब म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा. चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या, आईच्या पाया पडला, दोनदा पोहे मागून घेतले, बाल्कनीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीचंही कौतुक केलं. सॅलरी स्लिपा, फॉर्म सिक्स्टीन, इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी, सगळ्यावर सह्या घेतल्या, लॉगिन फीचा चेक घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि उठताना म्हणाला, “सर, आठ दिवसांत सँक्शन, पंधरा दिवसांत चेक. टेन्शन घेऊ नका, मी आहे ना.” आई म्हणाली, पोरगं गुणी आहे. बायकोने चिवड्याची पुडी बांधून दिली.

त्यानंतर त्याला कुणी पाहिलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात फोन उचलला जायचा: “सर, दोन मिनिटांत करतो.” दुसऱ्या आठवड्यात मेसेजला उत्तर म्हणून हात जोडलेलं चित्र यायचं. तिसऱ्यात तेही थांबलं. पुढच्या एका रविवारी त्याच्या स्टेटसला भुशी डॅम दिसला. रविवारी भिजायला माझी हरकत नाही. पण धबधब्याखाली तो ज्या फोनवर फोटो काढत होता, त्याच फोनवर माझे अकरा मिस्ड कॉल होते.

मग मी दर गुरुवारी चिंचवडच्या शाखेत जाऊन बसू लागलो. तिथल्या सिक्युरिटीच्या काकांनी माझं नाव ‘गुरुवारवाले’ पाडलं. मी काचेचं दार ढकलायच्या आत ते सांगतात, “साहेब फील्डवर आहेत. बसा की, एसी आहे.” बसल्या बसल्या मी विचार करतो, की हे फील्ड नेमकं कुठे असावं? मोशी, चिखली, ताथवडे, पुनावळे इथे एके काळी फील्डच फील्ड होती. कुठे ज्वारी होती, कुठे ऊस होता. ती गुंठ्याने विकली गेली, त्यांच्यावर बारा-बारा मजले चढले आणि त्या मजल्यांवर आमची कर्जं चढली. एवढ्या सगळ्यातून साहेबांना रोज फिरायला एक फील्ड कुठलं उरलं, ते त्यांनी एकदा सांगावं. मी टेम्पो घेऊन येतो.

१९ जूनला माऊलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान झालं. गुरुवारच होता, घरची सगळी गेलो होतो. त्याच दिवशी सकाळी साहेबांनी सांगितलं होतं, “फाइल आज लीगलला निघाली.” लीगल म्हणजे शिवाजीनगरचे, बँकेच्या पॅनेलवरचे वकील. पालखी दिवे घाट चढली, जेजुरी, फलटण, माळशिरस करत सव्वादोनशे किलोमीटरांहून जास्त चालली आणि ६ जुलैला एकादशीला पंढरपुरात होती. फाइल पोहोचली नव्हती. चिंचवड ते शिवाजीनगर लोकलने अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो.

अखेर जुलैच्या मध्यावर दुसऱ्याच टेबलावरच्या एका बाईंनी दया येऊन स्क्रीन माझ्याकडे वळवली. फाइल वकिलांकडे जाऊन परतही आली होती. तिच्यावर एकच शेरा होता: मूळ करारनामा दाखवावा. आता माझा मूळ करारनामा जुन्या कंपनीच्या तिजोरीत. कर्ज फिटल्याशिवाय ती तो देत नाही. आणि करारनामा पाहिल्याशिवाय बँक कर्ज फेडायचा चेक काढत नाही. बाई म्हणाल्या, “अहो, जुन्या कंपनीकडून एलओडी आणा, त्यांच्याकडे कुठले कागद आहेत त्याची यादी. सगळे तेच आणतात. तुमच्या ऑफिसरने सांगितलं नाही?”

एलओडीचा अर्ज टाकला आणि चमत्कार झाला. सात वर्षांत मला वाढदिवसाचा मेसेजही न पाठवणाऱ्या जुन्या कंपनीकडून दिवसाला तीन फोन यायला लागले. “सर, तुम्ही लोन हलवताय असं कळलं. आम्ही तुम्हाला ८.४० देतो, फक्त कन्व्हर्जन फी भरा.”

मी म्हणालो, “हे आधी का नाही केलंत?”

“सर, तुम्ही मागितलं नव्हतं.”

खरं आहे. मी मागितलं नव्हतं, म्हणून मला सव्वानऊ. एलओडी द्यायला मात्र त्यांनी एकवीस दिवस मागून घेतले.

आमच्या क्वालिटीच्या पोराला हे सगळं सांगितलं तर तो खूष झाला. रिजेक्शन आलं की पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण गाठायचं, ही त्यांची रीत. चहाच्या कपाखालच्या कागदावर त्याने लिहायला घेतलं. साहेब फोन का उचलत नाहीत? कारण सांगण्यासारखं काही नाही. का नाही? कारण फाइल हललेली नाही. का? कारण लॉगिन मोजून त्यांचं टार्गेट जूनअखेर भरलं. मग आता का हलवत नाहीत? कारण दुसऱ्या बँकेतलं कर्ज उचलून आणण्यात खटपट फार, आणि तेवढ्या वेळात पुनावळ्याच्या नव्या टॉवरची ऐंशी लाखांची फाइल होते. पाचव्या ‘का’पाशी तो थांबला. बराच वेळ पेन चावून त्याने लिहिलं: ‘नाही उचलला, तर काही होत नाही.’

तसे नियम आहेत, नाहीत असं नाही. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हा नियम २०१२ पासून बँकांना आहे. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत घराचे कागद परत केले नाहीत, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. चांगला नियम आहे, डेबिट नोटच म्हणा ना. फक्त तो कर्ज फिटल्यानंतर सुरू होतो. त्याआधी ऑफिसर हरवला, तर दिवसाचे किती, ते कुठल्याच परिपत्रकात मला सापडलं नाही. म्हणून मीच ठरवलं: दीडशे.

२९ जुलैला माझी दुसरी पाळी होती. सकाळी शाखेत जाऊन लेखी तक्रार दिली आणि सोबत डेबिट नोट जोडली, आमच्या कंपनीच्या फॉर्मॅटमध्ये. ‘मालाचे वर्णन: कर्जाचा चेक. कबूल तारीख: २७ जून. उशीर: ३२ दिवस. दर: १५०. एकूण: ४,८००.’ काउंटरवरच्या मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “हे आमच्याकडे चालत नाही.” मी म्हणालो, चालू नका देऊ, पोच द्या. आत जाऊन विचारून आला, मग शिक्का मारला. काकांनी दारापर्यंत सोडलं. “आज मंगळवार, आज कसे काय?” एवढंच विचारलं.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी लागत नाही, चौकशीचा नंबर १४४४८, पण हातात पोच हवी. ज्यांची ज्यांची फाइल ‘लीगलला’ आहे, त्यांनी फोन करणं सोडावं आणि पोच घ्यावी. डेबिट नोटचा फॉर्मॅट हवा असेल तर मी देतो.

माझे तीस दिवस २८ ऑगस्टला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी भरतात. गुरुवार आहे. कंपनीला सुट्टी आहे.