बागबाजारातल्या कण्या

कलकत्त्यातल्या आमच्या बागबाजारच्या स्वयंपाकघरात सकाळी मक्याच्या कण्या रटरटायला लागल्या, की शेजारून माझ्या प्रकृतीची चौकशी सुरू होते. खालच्या मजल्यावरच्या माशीमा जिन्यातूनच विचारतात, "बोउमा, पेट खाराप?" जे पातळ असतं आणि चमच्याने खाल्लं जातं, ते आजाऱ्याचं अन्न, असा त्यांचा पक्का हिशेब. धडधाकट माणसाने सकाळी लुची खावी, कोचुरी खावी, वर जिलिपी खावी. 1868 साली नोबिनचंद्र दासांनी आपला रसगुल्ला याच मोहल्ल्यात पाकात सोडला. अशा ठिकाणी भरड्याची वकिली करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपासाचं ताट मागणं.

त्यात या कण्यांना सामान लागतं जेमतेम, पण तेवढंही इथे सहज जमत नाही. वाळलेल्या मक्याचा भरडा बडाबाजारात मिळतो, तोही मारवाडी मंडळींच्या कृपेने. मेवाडातही मक्याची घाट शिजते, त्यामुळे तिथल्या दुकानदाराला मी काय मागतेय ते अर्ध्या वाक्यात कळतं. खरा घोर ताकाचा. दही म्हटलं की इथे मातीच्या मडक्यातलं लालसर, गोड दही पुढे येतं. ते अप्रतिम असतं, वाद नाही. पण त्यात लसणाची फोडणी घालायची कल्पना करून पाहा. "टॉक दोई" असं दोनदा ठासून सांगावं लागतं. मग दुकानदार जे आंबट दही देतो, ते जरा उपकार केल्यासारखंच देतो.

बाकी कृती अशी काही नाही. भरडा चाळून पीठ वेगळं करायचं, कोंडा पाखडून टाकायचा आणि उरलेल्या कण्या रात्रभर ताकात भिजवायच्या. सकाळी मीठ घातलेल्या पाण्याला उकळी आली की त्या हळूहळू वैरायच्या आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. इथे घाई चालत नाही. वरून शिजल्यासारख्या दिसतात, पण दाताखाली कच्च्या लागतात. शिवाय घट्ट होत आल्या की भुडभुड करत मनगटावर असे शिंतोडे उडवतात, की लांब दांड्याच्या डावाचा शोध कोणी लावला असेल त्याला मनोमन नमस्कार घडतो. शेवटी गॅस बंद करून आणखी ताक आणि वर जिरं, लसूण, हिरव्या मिरचीची फोडणी. गोड हवं त्याने दूध-गूळ घ्यावा.

ताकाची ही जोडी नुसत्या चवीची नाही. मका मूळचा मेक्सिकोचा. तिथले लोक तो चुन्याच्या पाण्यात उकळतात. त्याने मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. मका जगभर गेला, चुना मात्र मागे राहिला. अमेरिकेच्या दक्षिणेकडे गरीब लोक जवळजवळ मक्यावरच जगत, आणि तिथे पेलाग्रा या आजाराने हजारो माणसं मेली. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1915 साली मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग करून दाखवलं. दुधातल्या प्रथिनांपासून शरीर स्वतःच नायसिन तयार करतं, म्हणजे ताक इथे औषधाचंच काम करतं. आमच्या आज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त कोरडा घास उतरत नव्हता. चुना म्हणाल तर तो इथे प्रत्येक पानाच्या टपरीवर आहे. पण मी तो मागितला, तर माशीमा थेट डॉक्टरलाच बोलावतील.

या मोहल्ल्याला मराठी माणसाची धास्ती तशी जुनीच. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा 1742 साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला आणि मराठे काही आले नाहीत. मग कामही थांबलं. 1756 मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला चालून आला, तो खंदक नव्हता त्या बाजूने आत शिरला. 1799 मध्ये बराचसा खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. आता बागबाजारात मराठा डिच लेन नावाची एक गल्ली तेवढी उरली आहे. भाजी आणायला तिथून जाताना मला उगाचच आपण कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

माशीमांना हा इतिहास तोंडपाठ. लहानपणी त्यांना बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतील अशी भीती घालून झोपवलेलं. गेल्या पौषात त्या वर आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि वाटीभर कण्या मागून घेतल्या. फोडणीला नाक मुरडलं, घरून नोलेन गुडाची, म्हणजे खजुराच्या पातळ गुळाची, बाटली आणली आणि दूध घालून त्यावर सढळ हाताने ओतला. खाल्ल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हे बंगाली माणसाच्या बाबतीत गंभीरच.

मराठ्यांशी झालेल्या 1751 च्या तहात तेव्हाचा नवाब अलिवर्दीखानाने बंगालची चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले होते. हल्ली वसुली उलट्या दिशेने चालते. दर रविवारी माशीमांचा डबा वर येतो आणि पातेल्यातला चौथा हिस्सा खाली जातो. परवा मी कण्या केल्या नाहीत, तर जिन्यातून हाक आली, "बोउमा, शोरीर खाराप?"