गोत्र विचारलंस का?

माझा एक मित्र परसातल्या पिंपळावर राहतो, हे आजीच्या कानावर गेलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली न ठेवता एवढंच विचारलं, "गोत्र काय त्याचं?"

मी सात वर्षांचा. मला माझंच गोत्र धड ठाऊक नव्हतं. "विचारतो," म्हणालो.

"विचार. आणि जेवतो कुठे, तेही विचार." असं म्हणून ती पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

ही 1961 सालची गोष्ट. आईला दुखणं जडलं होतं आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत सात माणसं आणि त्यात मी, तेव्हा विश्रांतीच्या आड येणारी मुख्य वस्तू कोणती यावर घरात फारसा वाद झाला नाही. वर्षभरासाठी माझी रवानगी आजोळी झाली. आजोळ वेंगुर्ल्याजवळ, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात.

चाळीत एकटं राहू म्हटलं तरी राहता येत नसे. नळावर मित्र, जिन्यात मित्र, संडासाच्या रांगेतसुद्धा मित्र. आजोळी एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत माडांची अख्खी बाग. हाक मारली तर शेजारी ऐकू जायची, पण ओ द्यायला तिथं मूल होतं ते एकच, आणि तेही पाळण्यात. शाळा व्हाळापलीकडे. पाऊस लागला की व्हाळाला पाणी यायचं आणि शाळा आपोआप बंद. पहिल्या दिवशी मला त्याचा केवढा आनंद झाला! आठव्या दिवशी पडवीत बसून पागोळ्या मोजण्यापलीकडे काही उरलं नाही. पागोळ्याही मोजून संपल्या.

तेव्हा पिंपळ बोलू लागला.

तसा पिंपळ कुणाशीही बोलतो. त्याच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो. माडाची झावळी गप्प असते, फणसाचं पान हलत नाही, आणि पिंपळ मात्र आपला सळसळत असतो. आजोबांना अमरकोश पाठ होता. त्यात पिंपळाला 'चलदल' असं नाव आहे, ज्याची पानं सतत हलतात तो, असं त्यांनी मला सांगितलं. पण नुसतं झाड बोलतं म्हणून कुणी त्याच्याशी मैत्री करत नाही. मैत्रीसाठी माणूस लागतो. तो पिंपळावर आधीपासून होताच. घरातल्या सगळ्यांनाच ते माहीत होतं. तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नकोस, तिथं मुंजा आहे, असं मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं होतं. भीती घालायचा हेतू होता. मला मात्र त्यातलं एवढंच ऐकू आलं, की इथं एक मुलगा आहे.

कोकणातल्या भुतांचा संसार मोठा आणि शिस्तीचा. वेताळ सगळ्यांचा राजा. देवचार गावाची वेस राखणार, गिरा पाण्यात, चकवा वाटेवर, ब्रह्मराक्षस विद्वान. या सगळ्या खात्यांत मुंजा म्हणजे अगदी खालचा उमेदवार. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंजा. ब्राह्मणांत मुंज आठव्या वर्षी करायची रीत, म्हणून आमच्या हिशेबी तो कायमचा आठ वर्षांचा. ना पोर, ना बाप्या. लंगोटी, शेंडी, हातात दंड आणि मुक्कामाला पिंपळ. 2024 साली आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यात हा बिचारा लग्नाचा हट्ट धरून दात विचकत सगळ्यांच्या मागे लागतो. थेटरात पोरं किंचाळत होती आणि मी मात्र चिडून बसलो होतो. आमचा मुंजा असा नव्हता. लग्नाचा विषय त्यानं माझ्यापाशी एकदाही काढला नाही.

आमची पहिली अडचण वेगळीच निघाली. त्याला हाक काय मारायची? मुंजा आठ वर्षांचा, म्हणजे 'अरे'. पण झाडावर बसून त्याला शंभरेक वर्षं झालेली, म्हणजे 'अहो'. मी आजीला विचारलं. तिनं क्षणभर विचार करून निकाल दिला, "त्याची मुंज झालीय, तुझी व्हायचीय. अहो म्हण." त्यामुळे वर्षभर आमचा खेळ "अहो, तुमच्यावर राज्य आहे" अशा थाटात चालला.

गोत्र त्यानं सांगितलं नाही. आजी म्हणाली, "लाजत असेल. नवीन आहे." शंभर वर्षं आमच्या परसात राहणाऱ्याला ती नवीन म्हणाली याचं मला काही वाटलं नाही. ओळख नवीन होती, हे खरंच.

मग तिनं एक लाडू दिला. मुंजीत बटूला भिक्षेत लाडू मिळतात, सवय असेल त्याला, म्हणाली. मी लाडू प्रामाणिकपणे पिंपळाच्या पारावर ठेवला. एवढा प्रामाणिकपणा मी पुढे आयकराच्या बाबतीतही दाखवला नाही. दुपारी लाडू नव्हता. संध्याकाळी आजीनं चौकशी केली.

"काय म्हणाला?"

"फार गोड होता म्हणाला."

"गूळ घालायला विसरले होते मी त्यात," आजी म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. पण ती शांतपणे वात सारखी करत पुढे म्हणाली, "तरी नावं नाही ठेवली. चांगल्या घरचा दिसतो."

चपलांचं प्रकरण मात्र तितक्या सुखानं मिटलं नाही. आमच्याकडच्या गड्यानं मला आरवलीच्या वेतोबाची गोष्ट सांगितली. आरवलीचं देऊळ वेंगुर्ला तालुक्यातच आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, पण तिथं तो गावाचा राखणदार देव. भक्त त्याला केळी देतात आणि माणसाच्या मापात न बसणाऱ्या भल्याथोरल्या चामडी चपला वाहतात. त्या चपला हळूहळू झिजतात, कारण देव त्या घालून रात्री गावभर गस्त घालतो. मला हे ऐकून फार अन्याय वाटला. राजाला ढीगभर चपला आणि आमचा उमेदवार पावसाळ्यात अनवाणी! त्याच रात्री माझ्या मुंबईहून आणलेल्या चपला मी पारावर नेऊन ठेवल्या आणि सकाळी उठून तळवे झिजलेत का ते बघायला धावलो. एक चप्पल होती. तिचा अंगठा कुणीतरी चावला होता. दुसरी नव्हतीच.

आजोबांचा संशय कुत्र्यावर. माझं म्हणणं, मुंजा ती एकच घालून गेला असेल, कारण त्याला लंगडी आवडते. "बरं," आजोबा म्हणाले, "आता पुढचा बाजार होईपर्यंत तुम्ही दोघंही अनवाणी."

तो मुंजा मी मनानं रचला होता की खरोखर तिथं कुणी होतं? मोठेपणी हा प्रश्न मी स्वतःला शहाण्यासारखा विचारून पाहिला. ऑरेगन विद्यापीठातल्या मार्जरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या अशा काल्पनिक सोबत्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. 2004 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार सातव्या वर्षापर्यंत सुमारे 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती असतो. बाहुल्या, खेळण्यातले प्राणी धरून. गंमत म्हणजे, बाई वही उघडून गंभीरपणे त्या सोबत्याची माहिती घेऊ लागल्या की कित्येक मुलं मध्येच त्यांना समजावत, अहो, तो खरा नाहीये बरं का. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो सहाएक वर्षांची असताना खिडकीच्या काचेवर वाफ सोडायची, त्यावर बोटानं दार काढायची आणि त्या दारातून मैत्रिणीकडे जायची. मैत्रीण आवाज न करता हसायची आणि नाचायची, असं तिनं डायरीत लिहून ठेवलंय. आमच्या आजोळच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, नुसते लाकडी गज होते. मला परसदारातून जावं लागलं, एवढाच फरक.

हे सगळं पटतं. एकच गोष्ट बसत नाही. मुंज्याला औटकी येत होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मी दशमानात वाढलेला मुलगा. 1957 साली नवे पैसे आले आणि पावकी-निमकीची सद्दी संपली. मी त्याला शंभर पैशांचा रुपया शिकवत होतो आणि तो मला 'चार औट चौदा' ऐकवत होता. हा पाढा मला कुणी शिकवला नव्हता. आता आजोबा पडवीत बसून सुपाऱ्यांचा हिशेब करताना काहीतरी पुटपुटायचे, हेही खरं. पण ते काय पुटपुटायचे, हे मी कधी नीट ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं, असं एकदा वाटतं. बरं झालं ऐकलं नाही, असं दोनदा वाटतं.

पुढच्या मे महिन्यात आई बरी होऊन मला न्यायला आली. पडावात बसून बोटीवर चढायचं होतं. त्या उत्साहात मी पिंपळाकडे गेलोही नाही. आजीनं निरोप घेताना कानात विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी मान डोलावली. लाडवानंतर आजीशी बोललेलं हे माझं दुसरं खोटं. या वेळी तिनं पकडलं नाही. किंवा पकडलं असेल.

आजीचा भुतांवर विश्वास होता का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तिनं मला कधी "तिथं कुणी नाही" असं सांगितलं नाही आणि घाबरवलंही नाही. ती मुंज्याची चौकशी करायची, आणि ती करण्यासाठी रोज संध्याकाळी तिला माझ्यापाशी बसावं लागायचं. एवढी साधी युक्ती कळायला मला आजोबा व्हावं लागलं.

माझी नात पाच वर्षांची आहे. पुण्याला आमच्याजवळच राहते. तिची एक मैत्रीण वॉशिंग मशीनमध्ये राहते. शाळेतून बाईंचा फोन आला आणि घरात चिंतेचं वातावरण पसरलं. मुलगा इंटरनेटवर बसला, सूनबाईंनी वर सांगितलेले 65 टक्के शोधून काढले, आणि दोघांच्या जिवात जीव आला. मी नातीला एवढंच विचारलं, "कपडे धुताना ती कुठे जाते?"

"आजोबा, ती बाहेर येऊन बसते ना," नात म्हणाली. आजवर इतका साधा प्रश्न तिला कुणी कसा विचारला नाही, असा तिचा चेहरा होता.

त्यानंतर तिनं मला विश्वासात घेतलं. मीही मग मुंज्याची गोष्ट सांगितली, कारण आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमबाहेर, पाइपाच्या सांध्यात, एक पिंपळ उगवला आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि पिंपळाला रुजायला माती लागतेच असं नाही, भिंतीची फट पुरते. पंधरा पानांचं झाड. सोसायटीची नोटीस आली आहे, सदर रोप सभासदानं स्वखर्चानं काढावं. प्लंबरला बोलावलं. तो खिडकीतून वाकून बघून परत आला आणि म्हणाला, "काका, दुसरं काही असतं तर काढलं असतं. पिंपळ आहे. तुम्ही आधी हात लावा, मग मी लावतो." मी हात लावला नाही.

नात मात्र रोज खिडकीशी जाऊन बघते. पंधरा पानांवर मुंजा मावणार कसा, याची तिला काळजी. मी सांगितलं, त्याला फार जागा लागत नाही.

"केवढा आहे तो?"

"आठ वर्षांचा."

"आत्ता?"

"तेव्हाही. आत्ताही."

तिला चपलांची गोष्ट ठाऊक होती. ती धावत गेली, आपले गुलाबी सँडल घेऊन आली, खिडकीशी धरून बराच वेळ डोळ्यांनी माप घेत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "लहान होतील त्याला. तीन वर्षं थांब म्हणावं."

सोसायटीच्या नोटिशीला उत्तर लिहायचं राहिलंय. तीन वर्षांची मुदत मागावी म्हणतो.